चूळ

त्यानं तीन वेळा चूळ भरली.

पहिली भरली तेव्हा मला वाटलं, फ्लेवर आवडला नसेल. आंबा आणि पुदिना एकत्र होता, काहींना नाही सोसत. दुसऱ्या वेळी त्यानं तोंडात बोट घालून दात घासले. तिसऱ्या वेळी मान मागं टाकली आणि गुळण्या केल्या. खळखळ. मग बेसिनमध्ये पचकन थुंकला, रुमालानं ओठ पुसले आणि रुमाल कचऱ्याच्या डब्यात टाकला. शेठकडं बघून म्हणाला, "दुसरा पीस काढ. याला ह्याचं तोंड लागलंय."

मी तिथंच उभा. मशीन माझ्या हातात. अजून गरम.

पाच मिनिटांपूर्वी तेच मशीन आम्ही आळीपाळीनं ओढत होतो. एक झुरका माझा, एक त्याचा. तोच म्हणाला होता, "तोंडाची टिप बदलत बसू नको रे, दे तसंच."

मधल्या पाच मिनिटांत एवढंच झालं, की माझा फोन वाजला.

मी पिशोरचा. इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करून संभाजीनगरला आलो. कंपन्यांचे उंबरे झिजवले, काही जमलं नाही. सिडकोत एका मोबाइलच्या दुकानात लागलो. पुढं कव्हर, चार्जर, स्क्रीनगार्ड. मागं प्लायवूडची भिंत, तिच्यात दार, आत एसी लावलेली छोटी खोली. खोलीत सोफा, कोपऱ्यात बेसिन आणि कपाटात तो माल. वेप. फ्लेवरचं पाणी बॅटरीवर तापवून त्याचा धूर ओढायचं मशीन. विकायला देशात बंदी आहे हे शेठला ठाऊक होतं, मलाही ठाऊक होतं. बंदीमुळंच तर दार होतं.

साधे, संपले की फेकून द्यायचे वेप कॉलेजची पोरं बाहेरच्या बाहेर घेऊन जायची. आत यायची ती बडी गिऱ्हाइकं. त्यांना वॅट कमीजास्त करता येणारं मशीन पाहिजे. स्क्रीनवर आकडा वाढवला की आतली तार जास्त तापते, धूर दाट होतो, घसा धरतो. कोणतं मशीन किती वॅटवर कसं चालतं, कोणाची टाकी गळते, कोणाची बॅटरी दुपारीच मान टाकते, हे सगळं मला कळायचं. कारण प्रत्येक मशीन आधी मी ओढायचो. गिऱ्हाइकासमोर. तीसवर, पन्नासवर, ऐंशीवर. शेठ माझ्या पाठीवर थाप मारून म्हणायचा, "ये अपना मीटर है."

मला त्याचा अभिमान वाटायचा. खोटं कशाला सांगू. बारा बारा तास ओढून छातीत घरघर सुरू झाली होती, गावी गेलो तर आईच्या हातच्या भाकरीला पुदिन्याची चव येत होती, तरी वाटायचं. माझ्यावाचून शेठचं पान हलत नाही असं वाटायचं.

त्या दिवशी आला त्याला सगळे दादा म्हणायचे. मीही दादाच म्हणतो. लासूर स्टेशनकडं त्यांची जमीन, शहरात प्लॉटिंग, भावकीत कोणी ना कोणी कायम निवडून आलेलं. पस्तिशीचा असेल. सोफ्यावर पाय पसरून बसला आणि म्हणाला, "रोज वापरायला पाहिजे. गाडीत, साइटवर, मीटिंगमध्ये. एक नंबर दाखव."

मी दोन काढली. एक मोठं, दोन बॅटऱ्यांचं, दोनशे वॅटपर्यंत जाणारं. विटेसारखं जड, रंगीत स्क्रीन. दुसरं काळं, लहान, एका बॅटरीचं, ऐंशीला थांबणारं. दादाचं मन मोठ्यावर. हातात धरून आरशात बघितलं सुद्धा.

मी म्हणालो, "दादा, दोनशेवर रोज कोणी ओढत नाय. चाळीस-पन्नासच्या वर तुम्ही जाणार नाय. मोठं खिशात मावत नाय, आडवं पडलं की गळतं, उन्हात गाडीत राहिलं की तापतं. दाखवायला मोठं, वापरायला लहान."

दादा हसला. "शेठ, पोराला कळतं बरं."

मग तासभर दोन्ही ओढून बघितली. मी ओढून वॅट सांगायचो, तो ओढून मान डोलवायचा. लहानावर त्याचं जवळजवळ ठरलं होतं.

तेवढ्यात मामाचा फोन आला. सोयगावला एस.टी. डेपोत मेकॅनिक आहे मामा. बाप गेल्यावर त्यानंच मला शिकवलं. त्याचा फोन मी कधी टाळत नाही. मी उचलला आणि म्हणालो, "जयभीम मामा. गिऱ्हाईक आहे, नंतर लावतो."

बस.

दादानं मला पायापासून वर बघितलं. पहिल्यांदाच. पण चेहऱ्यापर्यंत नजर आलीच नाही, गळ्यापाशी थांबली.

"कुठला रे तू?"

"पिशोर."

"पिशोरात कुठं? गावात का वस्तीत?"

माझ्या उत्तरासाठी तो थांबला नाही. तो उठला. बेसिनकडं गेला.

पुढचं सांगितलंच.

त्यानं मोठं मशीन घेतलं. नवं, सील न फोडलेलं. माझा सल्लाही त्यानं चूळ भरून टाकला. जाताना शेठ त्याच्या गाडीपर्यंत सोडायला गेला. परत आला, माझ्याकडं न बघता म्हणाला, "मनावर घेऊ नको. धंदा आहे. पण आजपासून दुकानात ते म्हणायचं नाय. फोन आला तर नुसतं हॅलो. आणि कोणी विचारलं तर पाटील सांग. कोण बघायला बसलंय?"

मला वाटलं मी काहीतरी बोलेन. मी मान हलवली.

होकाराची.

ही मान मला अजून दिसते. दादाची चूळ एका जागी आणि माझी ती मान एका जागी.

पाटील झालो. शेठ मोठ्यानं हाक मारायचा, "ओ पाटील, जरा तो नवा पीस दाखवा." गिऱ्हाइकं लगेच सरकून बसायची. "पाटील, बसा की. कुठले पाटील?" मी एका गावाचं नाव घ्यायचो. एकजण तर माझ्यासाठी कचोरी घेऊन आला. अरे-तुरेचं अहो-जाहो झालं. हात तेच, शर्ट तोच, मशीन तेच. आणि मला ते आवडायला लागलं. सगळ्यात घाण गोष्ट ही. मला ते आवडायला लागलं.

पण त्या चुळीचा आवाज सुटेना. भीमनगरच्या खोलीवर शेजारचा म्हातारा सकाळी ओट्यावर तोंड धुवायचा. त्यानं गुळणी केली की मी दार लावून घ्यायचो. चहाच्या गाड्यावर मी कागदी कप मागायला लागलो. काचेच्या ग्लासाला ओठ लावायचा धीर होईना. मावसभावाच्या घरी त्याची पोरगी माझ्या ताटातली जिलबी घ्यायला आली. मी तिचा हात बाजूला केला. म्हणालो, "माझं उष्टं आहे." चार वर्षांची पोरगी, माझ्याकडं बघतच राहिली. मी हे कोणाचं बोलत होतो?

खोकला वाढला तसा सरकारी दवाखान्यात गेलो. डॉक्टर बाईंनी विचारलं, "सिगारेट ओढता?"

"नाही."

"मग काय काम करता?"

मोबाइल विकतो म्हणालो. गोळ्या घेऊन आलो.

मामाचा फोन यायचा. तो म्हणायचा, "जयभीम." मी म्हणायचो, "हॅलो. हां, बोला." पहिल्या वेळी तो म्हणाला, "घसा बसला काय रं?"

"व्हय मामा. बसलाय."

पुढं प्रत्येक फोनला तो आधी घशाचंच विचारायचा.

चार महिन्यांनी दादा परत आला. भर दुपारी. सोफ्यावर बसता बसता त्यानं ते मोठं मशीन टेबलावर आपटलं. "गाडीत गळलं हे. सीट खराब झाली. बॅटरी तर हातात धरवत नाय इतकी तापते." मग शेठला म्हणाला, "त्या वेळी तुझ्याकडं एक पोरगं होतं बघ. त्यानं बरोबर सांगितलं होतं, लहान घ्या म्हणून. कुठाय तो?"

मी टेबलाच्या पलीकडं उभा होतो. दोन हातांवर. दाढी वाढली होती, बाकी मी तोच.

शेठ म्हणाला, "गेला तो."

"बरं झालं," दादा म्हणाला.

"आता हे आहेत. पाटील. यांना त्याच्यापेक्षा जास्त कळतं."

दादानं मान वर केली. माझ्या डोळ्यात बघून हसला. "नमस्कार पाटील. दाखवा तुम्ही."

माझ्यासमोर माझं मयत झालं होतं. आणि मी त्या मयताच्या जागेवर उभा राहून नमस्कार घेत होतो. पायाखालची फरशी गार लागत होती. मला वाटलं, मी हात लावला तर कपाट हलणार नाही. मी बोललो तर ऐकू जाणार नाही.

हात मात्र सवयीनं चालत होते. काळं लहान मशीन काढलं. टाकी भरली. पंचेचाळीसवर लावलं.

"आधी तुम्ही ओढा, पाटील," दादा म्हणाला.

मी ओढलं. त्यानं हात पुढं केला. मी टिप बदलायला दुसरी उचलली तर म्हणाला, "राहू द्या हो. आपल्यात काय."

आपल्यात.

त्यानं माझ्या हातातून घेतलं आणि माझ्या थुंकीनं ओली टिप ओठात धरली. लांब झुरका घेतला. डोळे मिटले. "वा. आपल्या माणसाला कळतं."

मी त्याचं तोंड बघत होतो. काही झालं नाही त्याला. जीभ झडली नाही, ओठ काळे पडले नाहीत. थुंकी तीच. तोंड तेच. मला आतून काहीतरी तुटल्यासारखं वाटलं, आणि त्याबरोबर भीती गेली.

"दादा," मी म्हणालो, "तो पोरगा गेला नाय. मीच तो."

"कोण?"

"माझं तोंड लागलं म्हणून तुम्ही त्या बेसिनमध्ये तीन वेळा चूळ भरली होती."

शेठ हसला. "मजाक करतो दादा. ये पाटील बहुत मजाकिया है."

"मी पाटील नाय. बौद्ध आहे. पिशोरचा. खोटं नाव यांनी दिलं आणि मी घेतलं. आता परत देतो."

दादाच्या तोंडात धूर होता. तो गिळता येईना, सोडता येईना. मग नाकातोंडातून सगळा एकदम बाहेर आला आणि त्याला जोराचा ठसका लागला. डोळ्यात पाणी आलं. ठसका थांबल्यावर तो जे बोलला ते अक्षरशः असं: "तुमची जातच असली. तोंड लावून बाटवायचं."

मी म्हणालो, "परत बोला. मला नीट लक्षात ठेवायचंय."

त्यानं शेठकडं बघितलं. शेठनं माझी कॉलर धरली, दार उघडलं, पुढच्या दुकानातून रस्त्यापर्यंत ढकलत नेलं. तिथं कानाजवळ येऊन हळू बोलला, "जायचं तिथं जा. आत कॅमेरा नाय. साक्ष कोण देणार? आणि ध्यानात ठेव, माल तू विकलास. गिऱ्हाइकांच्या मोबाइलमध्ये मेसेज तुझे आहेत. आत जाशील तर तू जाशील."

बरोबर होतं त्याचं. ते मी खोलीवर बसून नीट तपासलं. मेसेज माझेच होते. बंदी असलेला माल वर्षभर माझ्याच हातानं गेला होता. शाळेच्या दप्तरासकट आलेल्या पोरांनाही मी दिला होता. ते कोणी मला करायला लावलं म्हणून माझ्यावरून उतरत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळची एस.टी. धरून सोयगावला गेलो. मामा डेपोत गाडीखाली होता. बाहेर आला, चिंधीनं हात पुसले. मी सगळं सांगितलं. पाटील झालो तेही. आवडलं तेही. मामानं सगळं ऐकून घेतलं. शेवटी म्हणाला, "मी चार महिने तुझ्या घशाचं विचारत बसलो होतो."

मला रडू आलं. त्याला नाही आलं.

"जायचं का?" त्यानं विचारलं.

"मी पण अडकेन मामा."

"ते मी नाय विचारलं."

आम्ही तसेच संभाजीनगरला आलो. पोलीस ठाण्यात जबाब लिहून घेणारे हवालदार वयस्कर होते. अर्ध्यात त्यांनी पेन ठेवलं. "हे बघ बाळा. जातीवाचक बोलला तेवढंच सांग. वेपचं सांगितलंस तर तुझाही गुन्हा लागतो. ते गाळू का?"

ते माझ्या भल्याचंच बोलत होते. पण वेप गाळला तर ती खोली गाळावी लागते. खोली गाळली तर तो माझ्या तोंडाचं ओढत होता हे गाळावं लागतं. मग चूळ कशाची?

मी म्हणालो, "गाळू नका. मी विकलं ते लिहा. कोणाला, किती दिवस, सगळं सांगतो. माझा गुन्हा माझ्या नावावर लिहा आणि त्यांचा त्यांच्या."

त्याला आता बरेच महिने झाले. दुकान बंद आहे. तडजोडीचा निरोप दोनदा आला. पहिल्यांदा गोड होता, दुसऱ्यांदा नव्हता. वकील म्हणतात साक्षीदार नाही, केस अवघड आहे, आणि माझ्यावरची केस मात्र सोपी आहे, कारण तिच्यात मीच कबूल झालोय. काम मिळत नाही. खोकला कमी झालाय, गेलेला नाही.

शिक्षा लागली तर भोगीन. ती मी केलेल्या कामाची असेल, माझ्या जन्माची नाही. तडजोड करणार नाही. तारीख लागेल तेव्हा कोर्टाचा शिपाई दारात येऊन दोन्ही केसमध्ये माझं नाव पुकारील. बापाच्या नावासकट, आडनावासकट, सगळ्या व्हरांड्याला ऐकू जाईल असं. मी दोन्ही वेळा उठून हजर म्हणणार आहे.