येळवशीची ड्यूटी

आमच्या कंपनीत येळवशीला सुट्टी असते. भरतीला येणारी पोरं पगाराच्या आधी हेच विचारतात. येळवस म्हणजे मार्गशीर्षातली वेळ अमावस्या, त्या दिवशी आमच्याकडं घरात कुणी थांबत नाही. आंबिलीचं मडकं, मिसळ भाज्यांच्या भज्जीचं पातेलं, बाजरीचे उकडलेले उंडे, खीर असं सगळं घेऊन घरंच्या घरं रानात जातात. कडब्याची कोप, म्हणजे खोपटी, करायची, तिच्यात चुन्यानं रंगवलेले पाच दगड पांडव म्हणून पुजायचे, पिकावर आंबील शिंपडायची आणि मग जेवायला बसायचं. रस्त्यानं जाणारा अनोळखी माणूससुद्धा त्या दिवशी सुटत नाही, हाका मारमारून त्याला पानावर बसवतात. ज्याला कुणीच बोलावलं नाही असा माणूस येळवशीला आमच्या जिल्ह्यात असूच शकत नाही, असं मी चाळिशी उलटेपर्यंत समजत होते.

कंपनी सोयाबीनचं तेल काढते. तामलवाडीच्या बाजूला हायवे सोडून थोडं आत आलं की तिची चिमणी दिसते. मी तिथं टाइम ऑफिसात आहे. हजेरी, पाळ्या, रजा आणि कुणी चुकलं तर त्याच्याकडून खुलासा लिहून घेणं, हे माझं काम. मी तोंडानं फटकळ आहे असं लोक म्हणतात, आणि लोकांचं बरोबर आहे. आमचं रान कंपनीच्या मागच्या कुंपणापलीकडं, मधला ओढा ओलांडला की लागतं. चालत दहा मिनिटं. मी आईकडंच राहते, त्याची कहाणी वेगळी आणि इथं नको.

कंपनी नवी होती तेव्हा बाहेरून आलेल्या मॅनेजरसाहेबांना येळवस हे काय प्रकरण आहे ते ठाऊक नव्हतं. पहिल्या वर्षी त्यांनी कंपनी चालू ठेवली. सकाळच्या पाळीला तिघं हजर: साहेब, गेटवरचा वॉचमन आणि बॉयलरवाले मामा. साहेबांनी मला फोन लावला तेव्हा माझ्या हातात आंबिलीचा पेला होता.

"मॅडम, संप आहे का?"

"संप नाही साहेब, जेवण आहे. तुम्हीपण या."

साहेब खरंच आले. पँट वर खोचून ओढा ओलांडून आले, मांडी घालून बसले आणि तीन वाट्या भज्जी खाऊन गेले. पुढच्या वर्षापासून येळवशीची सुट्टी नोटीस बोर्डावर लागली. तेव्हापासून पंचक्रोशीत आमच्या कंपनीचं नाव झालं. 'चांगली कंपनी हाय, माणसाला माणूस म्हणून धरत्यात,' असं लोक म्हणायला लागले. त्या पहिल्या दिवशी साहेब कंपनी कुणाच्या भरवशावर सोडून आले होते, हा प्रश्न मला तेव्हा पडला नाही.

सुट्टी दिली तरी बॉयलर पूर्ण विझवून चालत नाही, एका माणसानं त्याच्यापाशी थांबावं लागतं. ते मामाच थांबायचे. मामा पन्नाशीचे, लोहारा तालुक्यातले. इथं एक खोली भाड्यानं घेऊन एकटे राहायचे आणि साप्ताहिक सुट्टीला एसटीनं गावी जायचे. त्यांचं रान साठवण तलावात गेलं होतं. "रान हाय की आमचं," म्हणायचे, "फकस्त वरनं पाणी हाय." सगळे हसायचे, तेही हसायचे. येळवशीची पाळी कुणाला लावायची म्हणून मी पहिल्यांदा विचारत फिरले तेव्हा त्यांनीच सांगितलं, "माझं नाव लिवा. मला कुठं रानात जायाचंय?" मी म्हटलं, "मामा, लई उपकार झाले." पुढच्या वर्षी मी विचारलंही नाही. कॉम्प्युटरवर आदल्या वर्षीचा तक्ता उघडायचा, वरची तारीख बदलायची आणि प्रिंट काढायची. असं नऊ वर्षं चाललं.

येळवशीच्या दुसऱ्या दिवशी कँटीनमध्ये ज्याच्या त्याच्या तोंडी रानच असायचं. मामा चहाचा कप घेऊन प्रत्येकापाशी जाऊन बसायचे. भज्जीत काय काय घातलं, आंबिलीला लसूण किती, विहिरीला पाणी कुठवर आहे, सगळं बारकाईनं विचारायचे. आम्हाला वाटायचं, मामांना गप्पांची हौस आहे. एकदा मला म्हणाले, "तुमच्या आईनं औंदा हिरवं लुगडं नेसलं व्हतं न्हवं?" मी "व्हय" म्हटलं आणि हजेरीच्या रजिस्टरात मान घातली. त्यांना ते कसं कळलं, हे विचारायचं मला सुचलं नाही.

एका येळवशीला माझा भाचा हरवला. भावाचा मुलगा, चार वर्षांचा. जेवणं झाल्यावर सगळे सुस्तावले होते आणि पोरगं दिसेना. कोपीत नाही, ज्वारीत नाही, बैलगाडीखाली नाही. आम्ही हाका मारत सगळीकडं पळत सुटलो. आई तर पांडवांपुढं बसून रडायलाच लागली. तेवढ्यात कंपनीचा भोंगा वाजला. सुट्टीच्या दिवशी, भर दुपारी, लांबलचक, एकदा नाही, तीनदा. सगळं रान गप झालं आणि त्या शांततेत पोराचं रडणं ऐकू आलं. विहिरीच्या कडेला रचलेल्या कडब्याआड ते झोपलं होतं, भोंग्यानं दचकून उठलं. वहिनीनं धावत जाऊन त्याला उचललं. त्यानं कूस बदलली असती तर काय झालं असतं, ते आमच्या घरात अजूनही कुणी बोलत नाही.

भोंगा मात्र गावानंही ऐकला होता. कंपनीत अपघात झाला म्हणून चारपाच माणसं गेटवर पळत आली, साहेबांना फोन गेले. दुसऱ्या दिवशी मी मामांना ऑफिसात बोलावलं आणि सगळ्यांदेखत झापलं. "मामा, खेळणं आहे का ते? लिहून द्या." मी दिलेल्या कागदावर त्यांनी लिहिलं: 'भोंगा चुकून वाजला. पुन्हा होणार नाही.' तो खुलासा मी त्यांच्या फायलीला लावला.

पुढं दोन वर्षांनी वरच्या ऑफिसातून एक फॉर्म आला. कामगारांचं मत हवं होतं. शेवटचा प्रश्न होता, 'ही कंपनी तुम्हाला कामासाठी चांगली का वाटते?' बहुतेकांनी पगार वेळेवर, बसची सोय, असं लिहिलं. मामांनी लिहिलं: 'माणसं चांगली आहेत. येळवशीला विसरत नाहीत.' मी वाचलं आणि मला बरं वाटलं. म्हणजे कुणीतरी त्यांना डबा नेऊन देतं तर, असं मनात आलं. साहेबांनी ते वाक्य मोठ्या अक्षरात छापून कँटीनच्या भिंतीवर लावलं. नाव न घालता.

त्या उन्हाळ्यात मामा सुट्टीला गावी गेले आणि तिथंच छातीत दुखून गेले. कंपनीनं बस केली, आम्ही सगळे जाऊन आलो. कुणी काही कमी केलं नाही.

महिन्याभरानं त्यांची बायको, मामी, कागदांवर सह्या करायला ऑफिसात आल्या. मी त्यांना खुर्ची दिली, चहा मागवला. सह्या झाल्या तरी त्या उठेनात. मग म्हणाल्या, "ताई, तुमास्नी एकदा भेटायचंच व्हतं. तुमच्या आईच्या आंबिलीचं लई कवतिक करायचे ते. दर येळवशीला तुमच्यात असायचे न्हवं!"

मी सह्या झालेले कागद उगाच पुन्हा चाळायला लागले.

"मला लई घोर असायचा," त्या सांगत होत्या. "म्या जिच्या रानात कामाला जाते ती मला बलावती. पर हे इकडं एकटे. तर म्हनायचे, माझी काळजी करू नगंस, कंपनीची मानसं मला वडून न्हेत्यात. कुनाची भज्जी कशी व्हती, समदं सांगायचे. औंदाच्या येळवशीला म्या येऊ का? ते बसायचे ती जागा तेवढी बघायची हाय मला."

मी "या" म्हणाले. दुसरं काय म्हणणार होते?

त्या गेल्या आणि मी कंपनीभर फिरले. एकेकाला धरून विचारलं, तुम्ही मामांना कधी बोलावलंत? कधी डबा पाठवलात? प्रत्येकाचं एकच उत्तर, मला वाटलं दुसरं कुणीतरी देत असेल. शेवटी पॅकिंगमधले एक काका हळूच म्हणाले, "ताई, ओढ्यापल्याड तुमचंच रान. आमी समजत व्हतो, तुमच्याकडनंच जात असंल." मला इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती. लाज आणि भीतीसुद्धा. कारण त्या दिवसापासून मामा माझ्या टेबलासमोर येऊन उभे राहायला लागले. हजेरीच्या मशिनवर कुणी अंगठा दाबला की त्यांचं खोकणं ऐकू यायचं. कँटीनमध्ये मी भिंतीवरच्या त्या वाक्याकडं पाठ करून बसायला लागले. ते वाक्य मामांनी कशासाठी लिहिलं असेल? टोमणा मारायचा त्यांचा स्वभाव नव्हता. कुणीतरी वाचेल आणि विचारेल, अशी आशा असेल का? मी वाचलं होतं. मी विचारलं नव्हतं.

येळवस जवळ आली तशी झोप उडाली. मामींना खरं सांगायचं की नाही? खरं सांगितलं तर त्यांच्या नवऱ्याची नऊ वर्षांची सगळी सुखाची बोलणी मी त्यांच्या हातातून काढून घेणार. नाही सांगितलं तर आयुष्यभर फुकटचं पुण्य खात बसणार. आई म्हणाली, "येऊ तर दे तिला. रान बघून सुचंल काय ते."

मामी सकाळच्या एसटीनं आल्या. हातात पिशवी, तिच्यात पांडवांसाठी नारळ. बांधावर पाय ठेवला आणि कुणी न सांगता त्या चालायला लागल्या. "हे दोन कडूलिंब. ही इहीर. अन् हितं तुमी कडबा रचता." एकेक वस्तू त्या ओळखीच्या माणसासारखी दाखवत होत्या. माझा भाचा आता मोठा झाला आहे, तो समोर आला तशी त्यांनी त्याच्या तोंडावरून हात फिरवला.

"हाच न्हवं का निजलेला? इहिरीच्या कडंला? हे सांगायचे, समदे येड्यावानी पळत व्हते, पर पोरगं मला एकट्यालाच दिसत व्हतं. मंग म्या लई जोरात हाक मारली, तवा उठलं."

त्या दिवशी पोरगं उठेल अशी हाक कुणीच मारली नव्हती. पोरगं उठलं होतं ते भोंग्यानं.

मी वळून ओढ्याकडं पाहिलं. चिमणी इथून दिसते हे कंपनी आल्यापासून मला माहीत होतं. तिच्या खाली बॉयलरवर चढायची लोखंडी शिडी आहे, शिडीच्या वर कठडा आहे, तोही दिसत होता. तिथून आम्ही दिसतो, हे माझ्या डोक्यात कधी आलं नाही. आईचं हिरवं लुगडं, दोन लिंब, मडक्याभोवती बसलेले आम्ही, भज्जीवर ताव मारणारे साहेब. मामा नऊ वर्षं त्या कठड्याशी उभे राहून आमच्यात जेवत होते. आणि पोरगं विहिरीपाशी दिसल्यावर त्यांच्याजवळ हाक मारायला जे होतं ते त्यांनी वाजवलं होतं. त्याबद्दल मी त्यांच्याकडून खुलासा लिहून घेतला होता. तो अजून फायलीत आहे.

"ताई," मामी म्हणाल्या, "नेमके कुठं बसायचे?"

आई माझ्याकडं बघत होती. वहिनीच्या हातातला डाव तसाच राहिला होता. मला ओरडून सांगावंसं वाटत होतं की मामी, ते इथं कधी आलेच नाहीत, आम्ही त्यांना कधी बोलावलंच नाही. पण समोर भाचा उभा होता आणि मामींचा हात अजून त्याच्या डोक्यावर होता.

"इथं," मी म्हणाले. दोन लिंबांच्या मधली, चिमणीसमोरची जागा दाखवली. "इथं बसायचे. चिमणीकडं तोंड करून."

मामी वाकल्या. त्या जागेवरचे काटेकुटे त्यांनी पदरानं बाजूला सारले, मातीला हात लावून कपाळाला लावला आणि शेजारी बसल्या. आई आंबिलीचं मडकं घेऊन आली.

"त्यांचं पान तेवढं आधी वाढा," मामी म्हणाल्या. "त्यांच्या नेहमीच्या जागी."

मी पान मांडलं. भज्जी वाढली, उंडे ठेवले, खीर वाढली, आंबिलीचा पेला काठोकाठ भरला. मामांना त्यांच्या नेहमीच्या जागी मी पहिल्यांदाच वाढत होते.