थोरल्या वन्संचा उजवा पाय

गाडीचं इंजिन पायाच्या तळव्याने ऐकणारी बाई साऱ्या वसई तालुक्यात एकच होती, आणि ती माझी थोरली नणंद. थोरल्या वन्सं गाडी अनवाणी चालवत. देवळात शिरावं तशा चपला दाराशी काढून त्या आत बसत, आणि त्या चपला पुष्कळदा आमच्या भुईगावच्या घराच्या अंगणातच राहून जात. मग तुळिंजच्या शाळेत बाईंनी दिवसभर अनवाणीच गणित शिकवलं, असंही व्हायचं. कुणी विचारलंच तर म्हणत, "चपलेतून काय कळणार? फोनवरून नाडी बघतं का कुणी?"

वन्संनी लग्न केलं नाही. त्यांचा जीव होता डोंगर चढणाऱ्या, चिखल तुडवणाऱ्या दांडग्या गाड्यांवर, आणि त्यातही एकाच प्रश्नावर: पाय दाबल्यावर इंजिन किती लवकर ओ देतं? त्यांची पहिली गाडी लहान पेट्रोल इंजिनाची होती. निवृत्त झाल्यावर त्यांनी मोठ्या डिझेल इंजिनाची घेतली आणि जुनी मला देऊन टाकली, कारण मला गाडी शिकवली होती त्यांनीच. दोन्हींना टर्बो. टर्बो म्हणजे इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा, हे त्यांनी मला वाडीतल्या शेगडीला वारा घालून दाखवलं होतं. त्या धड्यात माझी भरताची वांगी पार कोळसा झाली. "लहान इंजिन रस्त्यावर चटपटीत," त्या सांगत, "पण चढावर हळू घेतलंस की पंखा फिरेपर्यंत गप्प बसतं आणि मग एकदम उसळतं. चाकं जागच्या जागी फिरतात. मोठं इंजिन पंख्याची वाट बघत नाही. सावकाश, पण पहिल्यापासून ओढतं." हे त्या कुणालाही सांगत. आमच्या पुतणीला बघायला मंडळी आली होती, तेव्हा वन्संनी मुलाच्या वडिलांना अंगणात नेलं, त्यांच्या गाडीचं बॉनेट उघडायला लावलं, आणि आत पोहे थंडगार झाले. लग्न मात्र ठरलं. त्या गृहस्थांना इतक्या आस्थेने आजवर कुणी काही विचारलं नव्हतं म्हणे.

रविवारी सकाळी आम्ही दोघी दोन्ही गाड्या घेऊन पूर्वेला जायचो. तिथे डोंगराच्या पायथ्याशी आमच्या चुलतसासऱ्यांचं मोकळं रान आहे आणि त्यात लाल मातीचा एक अवघड चढ. त्या चढावर वन्सं आधी एक गाडी चालवत, मग उतरून, मागे जाऊन, त्याच गियरमध्ये दुसरी. एकाच गाडीवरून मत देणं त्यांना मान्य नव्हतं. मी फणसाखाली बसून थर्मासातला चहा ओतायची आणि दर रविवारी तोच निकाल नव्याने ऐकायची.

गेल्या वर्षी त्यांची नव्या गाडीबद्दल कुरकुर सुरू झाली. इंजिन उशिरा ऐकतं, म्हणायच्या. गाडी दोनतीनदा तपासायला दिली. कारागिरांनी चालवून पाहिली आणि काही बिघाड नाही म्हणून परत आणून दिली. वन्सं चिडल्या. कारागिरांनाच चालवता येत नाही, असा वन्संचा निष्कर्ष. ह्यांनीही एकदा गाडी फिरवून आणली आणि मला तर काही वाटलं नाही बुवा, असं सांगितलं. त्यावर आठवडाभर बहीणभावांचं बोलणं बंद.

पुढच्या रविवारी वन्संनी नवी गाडी चढावर घातली. इंजिन एकदम गुरगुरलं, गाडी हिसका देऊन वर गेली. खाली येऊन त्या उतरल्या. माझ्याकडून जुन्या गाडीची किल्ली घेतली आणि तोच चढ घेतला. तीही तशीच उसळली. बराच वेळ झाला तरी त्या उतरेनात, म्हणून मी जवळ गेले. दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून त्या खाली बघत होत्या.

"दोन्हींना एकाच दिवशी सारखाच उशीर होतोय," त्या शांतपणे म्हणाल्या. "मग उशीर इंजिनाला नाही गं."

मी वाकून पाहिलं. अ‍ॅक्सिलरेटरवर रक्त होतं. त्यांच्या उजव्या तळव्यात बाभळीचा काटा खोलवर रुतला होता, आणि त्यांना त्याचा पत्ताच नव्हता. मी तो काढला तेव्हा मलाच कळ आल्यासारखं झालं. त्या मात्र दुसऱ्या कुणाचा पाय असावा तसं बघत होत्या.

साखरेचा आजार त्यांना बरीच वर्षं होता. त्याने पायाच्या नसा बधिर केल्या, पाय किती दाबला तेच कळेनासं झालं, गेलेली जाणीव परत येईल असं सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले. गाडी चालवू नका, हे त्यांनी सांगायच्या आतच वन्संनी किल्ली ह्यांच्या हातात ठेवली होती. हे कधी फारसं न बोलणारे. पण त्या संध्याकाळी बहिणीसमोर बसून किती समजावत होते. पायाऐवजी हाताने चालवायची गाडी मिळते, आपण तशी सोय करून घेऊ, म्हणाले. वन्संनी त्यांना पुरतं बोलू दिलं.

"रस्त्यावर माणसं असतात रे," मग त्या म्हणाल्या. "आणि हाताने चालवून मला काय कळणार?"

मग कितीतरी रविवार त्या वाडीत केळींना पाणी घालत राहिल्या. पायात डॉक्टरांनी दिलेले जाड बूट. गाड्यांचा विषय निघाला की उठून आत जात. आम्हीही मग तो काढेनासे झालो, आणि घर इतकं शांत झालं की पूर्वी ज्या गोष्टीचा कंटाळा यायचा तीच ऐकायला मी तरसू लागले.

या पावसाळ्यानंतर एके सकाळी मी गाडी काढून निघाले, तर वन्सं आपण होऊन डावीकडच्या सीटवर येऊन बसल्या. कुठे जायचं ते मी विचारलं नाही. लाल मातीच्या त्या चढाखाली मी गाडी थांबवली, चपला काढल्या आणि गियर टाकला.

"पायाला काय वाटतं ते सांग," त्या म्हणाल्या.

मला असलं काही सांगता येत नाही. तरी मी हळूहळू पाय दाबला आणि शब्द शोधत बोलू लागले. आधी नुसतं जड वाटतंय. आता तळव्याखाली बारीक थरथर येतेय, मांजर घुरघुरतं तशी. आता ओढायला लागलं, वन्सं, अगदी हलकं. माझ्या बाजूला वन्संनी डोळे मिटून घेतले होते.

"घाई करू नकोस," त्या म्हणाल्या. "सांगत राहा."