निधनवार्तावाले मेव्हणे

मेलेल्या माणसांना मत देता आलं असतं, तर आमचे मेव्हणे केव्हाच आमदार झाले असते. नव्वद सालानंतर शहापूर-मुरबाडात जो कोणी गेला, तो त्यांच्या लेखणीखालूनच गेला. ठाण्याच्या एका दैनिकाचे ते वार्ताहर. संपादक त्यांच्या बाकीच्या बातम्या टोपलीत टाकत, निधनवार्ता तेवढ्या छापत. म्हणून यांनी सगळा जीव तिथेच ओतला. सिद्धगडाखाली कुणी म्हातारा गेल्याचं कानावर आलं की हे भरल्या ताटावरून उठणार, एसटी जाईल तिथवर एसटीने आणि पुढे पायी. माझी बायको, म्हणजे त्यांची धाकटी बहीण, म्हणे, "दादा, फोनवर विचार ना." तर म्हणत, "मेलेल्याचं नाव चुकलं तर माफी कुणाची मागू?" त्यांच्या घरी पाहुण्याला बसायला जागा नसे; खुर्च्यांवर कात्रणांच्या रूपाने दिवंगत बसलेले असत.

अशा माणसाला झाडं-डोंगर वाचवणाऱ्या एका पक्षाने जिल्हाध्यक्ष केलं. डोळखांबकडच्या एका पाड्यावरची टेकडी खडीसाठी फोडायचं घाटत होतं. टेकडी गेली की तिच्यातला झरा जाणार, आणि पाड्याला दुसरं पाणी नाही. हे लिहून लिहून छापून येईना, तेव्हा मेव्हण्यांनी नोकरीला रामराम ठोकून झेंडा उचलला. पक्ष एवढा मोठा, की सभा रिक्षात भरवता यावी. पण यांच्या अंगावर जाकीट चढलं, ठाण्याला बैठकांवर बैठका सुरू झाल्या. मी चेष्टा केली की डोळे वटारत. "हसा दाजी, हसा. टेकडी हलू देणार नाय!"

खाणीच्या परवानगीच्या सुनावणीला खाणवाल्याने गावकऱ्यांच्या संमतीची यादी पुढे केली. मेव्हण्यांनी ती वाचली आणि पिशवीतून कात्रणं काढली. "साहेब, हे गृहस्थ दोन वर्षांमागे वारले. ही बातमी. या बाई त्यांच्याही आधी. आणि यांच्या तेराव्याला तर मी जेवलोय." सात जणांना त्यांनी असं स्वर्गात परत धाडलं. कचेरी खो खो हसत होती. खाणवाला थंडपणे म्हणाला, "आणि तुमच्या विरोधाच्या यादीत पहिला अंगठा कुणाचा? ती म्हातारी पंधरा दिवसांमागे गेली ना?"

मेव्हण्यांचा चेहरा पडला. टेकडीसाठी सगळ्यांत आधी उभी राहिली होती ती आजी, आणि तिच्या जाण्याचा यांना पत्ता नव्हता. हे बैठकांत होते. साहेब म्हणाले, "अंगठा जिवंतपणी दिलाय, राहू द्या." "नाय साहेब. नियम सगळ्यांना एकच." मेव्हण्यांनी स्वतः नाव खोडलं. "एक माणूस कमी लिहा. विरोध कमी लिहू नका."

मागून आजीची सून उठली. "माजं नाव लिवा. मना सही येते."

परवानगी नाकारली गेली. कार्यकर्ते हार घेऊन शोधत राहिले, मेव्हणे मात्र सुनेबरोबर पाड्यावर गेले. मीही गेलो. अंगणात बसून त्यांनी वही काढली. सून म्हणाली, "आता लिवून काय रे दादा? शेवटी शेवटी ती तुजी वाट बगत व्हती." ते मान खाली घालून लिहीत राहिले.

ती निधनवार्ता दैनिकाने घेतली नाही. पुढाऱ्याकडून बातमी घ्यायची नाही, असा त्यांचा नियम होता. मग मेव्हणे पुन्हा पाडा चढले आणि अंगणात उभे राहून त्यांनी ती सगळ्यांना वाचून दाखवली. मला ते तेव्हा फार आवडले.