पाटीवरचं पाणी

माझी बायको जाऊन चार महिने झाले. घरात भांडायला कोणी उरलं नाही, म्हणून लिहायला बसलोय. माझी शाळा दोन इयत्तांची. चुकलं तर चुकलं.

कोल्हापूरच्या महाराजांनी हुकूम काढला होता, सगळ्या जातीची पोरं एकाच शाळेत बसवायची. पन्हाळ्याच्या वाटेवर आमचं गाव. तिथल्या शाळेत झाडलोटीला, पाणी भरायला मी होतो. महारवाड्यातली एक पोरगी पहिलीत आली. मास्तरांनी हुकूम पाळला, म्हणजे तिला दाराजवळ बसवलं. लिहून झालं की तिनं पाटी जमिनीवर ठेवून मागं सरायचं. मी तांब्यातलं पाणी शिंपडून पाटी शुद्ध करायची, मग मास्तर हातात घेणार.

घेणार काय, कपाळ! पाणी पडलं की अक्षरं वाहून जायची. मास्तर ओरडायचे, "पुन्हा कोरी! पहिलीतच म्हातारी होशील!" रोज हेच. आणि रोज पाणी मारणारा मी, बैलासारखा गप्प. पोरीच्या बापानं सांगितलेलं, औंदा नापास झाली तर शाळा बंद.

एकदा बायको माझी भाकरी घेऊन आली. दारातनंच तिनं हे बघितलं.

"मास्तर, पुसताय तुमी, आन कोरी का म्हणून तिलाच इचारताय व्हय?"

"बाई, शाळेतलं तुम्हाला काय कळतं?"

"पाण्यानं पाटी पुसती, एवढं कळतंय की!"

घरी माझी कंबख्ती भरली. दुसऱ्या दिवशी मी डोकं चालवलं. पोरीला पाटी पालथी ठेवायला सांगितली आणि मागच्या बाजूला पाणी मारलं. मास्तर म्हणाले, "अरे, एक बाजू तशीच राहिली की!" झालं, दोन्ही बाजू धुतल्या.

"शाणं हायसा," बायको म्हणाली. "पाणी मारायचं तेवढं सोडू नगा."

"मास्तरांचा हुकूम हाय."

"आन म्हाराजांचा कुणी पाळायचा?"

परीक्षेला कोल्हापुरातनं साहेब आले. पोरीनं बेरीज केली, पाटी खाली ठेवली. मास्तरांनी मला डोळ्यानं खुणावलं. तांब्या हातात होता. तो खाली ठेवला, पाटी उचलली आणि साहेबांच्या हातात दिली. त्यांनी बघितली, तोंडी एक बेरीज विचारली आणि म्हणाले, "पास."

साहेब गेल्यावर मास्तर म्हणाले, "अंघोळ केल्याशिवाय घागरीला हात लावू नकोस." आणि मी गाढव, जाऊन अंघोळ केली!

दुसरीचा वर्ग भरला त्या दिवशी मास्तरांनी पुन्हा तांब्या मागितला.

"रिकामा हाय."

"मग भर की."

"तुमी भरा."

आडावर जायचा मास्तरांना कंटाळा. थोडा वेळ धुसफुसले, मग पाटी तशीच उचलली. एवढंच होतं सगळं. पोरीचं वर्षभराचं लिहिणं मी माझ्या हातानं पुसलं, हे बायकोजवळ कधी कबूल केलं नाही.