टिकलीची बंदूक आणि सारस

काल लाखनीच्या बाजारातल्या दुकानातून नातवासाठी टिकल्या घेतल्या. त्याने दारातच एक फोडली आणि त्या जळक्या वासासरशी मी दिघोरीच्या आमच्या शेताच्या धुऱ्यावर पोहोचले. आठ वर्षांची, हातात पत्र्याची बंदूक घेऊन.

दिवाळीचे दिवस, धानाची कापणी चाललेली. आमच्या शेतातल्या एका बांधीत सारसांचं पिल्लू होतं, म्हणून बाबांनी तेवढा कोपरा न कापता उभाच ठेवला होता. मी नेम धरून तिकडेच बार उडवला. पाखरं भुर्रकन उडतील असं वाटलं होतं. पण धानातून एक सारस उठला, उठतच गेला, माझ्याहून उंच झाला. लाल मान ताणून, राखाडी पंख पसरून तो असा ओरडला की माझी छाती आतून थरथरली.

बाबा विळा टाकून धावत आले. "मांगं सरक, बाई! पिलू हाये त्याचं."

इतकं मोठं, इतकं देखणं मी पुन्हा काही पाहिलं नाही, असं आयुष्यभर सांगत आले. काल मात्र आठवलं, तेव्हा बाबाही माझ्यासमोर दोन्ही हात पसरून उभे होते. मी त्यांच्या काखेखालून वाकून फक्त पाखरूच पाहत होते.