नातीच्या बिस्मिल्लाला बेळगावी

लेकरू चार वर्षं, चार महिने, चार दिवसांचं झालं की आमच्यात त्याची बिस्मिल्ला करतात. त्या दिवशी त्याला पहिली अरबी अक्षरं दाखवायची. माझा लेक हसन बेळगावात असतो. त्याचं कार्ड आलं, नूरीची बिस्मिल्ला आहे, ये. मी निपाणी सहसा सोडत नाही. या खेपेला गेले. माझ्या बिस्मिल्लाला पेढे वाटले होते आणि दुसऱ्या दिवशी मला तंबाखूच्या वखारीत काड्या वेचायला बसवलं होतं. मराठी पुढं शेजारच्या पोरांच्या पाटीवर शिकले, अरबी राहिली ती राहिलीच. नातीचं तसं होऊ द्यायचं नव्हतं.

पिशवीत दोन जिनसा घेतल्या. एक कायदा, म्हणजे अरबी अक्षरांचं पहिलं पुस्तक. दुसरा माझ्या कोनाड्यातला कागद. मालकांनी, म्हणजे हसनच्या बापानं, मुंबईहून आणलेला, त्यावर अरबीत कुराणातली आयत. तीस वर्षं रोज कपाळाला लावलाय. नूरीनं पहिल्यांदा तोच वाचावा, असा बेत.

लढाईमुळं पेट्रोल नाही, मोटर कोळशाच्या गॅसवर चालते. तवंदीच्या घाटात तिनं दम टाकला. सगळे उतरले. कंडक्टर म्हणाला, "आज्जी, तुम्ही बसा."

म्हटलं, "तुझ्या मोटरीपरास माझं पाय बरं हायत."

तुम्ही जाणार असाल तर पहाटेची गाडी धरा आणि भाकरी बांधून न्या. संकेश्वरला चहा म्हणून गरम पाणी देतात, तेही उपकार केल्यासारखं. पांढरं लुगडं नेसू नका, हत्तरगी यायच्या आत त्याचा कोळसा होतो.

साखर रेशनवर, म्हणून गुळाची खीर होती. नूरी लाल ओढणीत, गळ्यात हार. मौलवीसाहेबांनी चांदीच्या ताटलीत केशराच्या पाण्यानं अक्षरं काढली. रीतीप्रमाणं नूरीनं ती चाटली आणि "अजून" म्हणाली. बायका खिदळल्या.

मी हसनला विचारलं, "शिकवणी उद्यापास्नं न्हवं?"

"कसली शिकवणी, आम्मा? झाली की बिस्मिल्ला. मौलवीसाहेब पोरींना घेत न्हाईत."

"मग हार कशाला घातला?"

"रीत हाय."

दुसऱ्या दिवशी नूरीला टांग्यात घालून बेळगावाच्या कडेचं शहापूर गाठलं. तिथं हलीमाबी नावाची विणकराची विधवा पोरींना शिकवते, असं खीर खाताना कानावर आलं होतं. ती मागावर बसून अक्षरं म्हणते, पोरी मागून म्हणतात. पैसे घेत नाही, पोरींनी तिच्या मागाच्या कांड्यांवर सूत भरून द्यायचं. घटकाभरात नूरी चार अक्षरं घडाघडा म्हणू लागली. मला भरून आलं, आणि मी तो कागद पुढं केला.

हलीमाबीनं माग थांबवला. "आक्का, ह्यो कुणी दिला?"

"मालकांनी. आयत हाय."

तिनं आवाज उतरवला. "हितं बसरा लिवलंय, ते गावाचं नाव. हे तमर, म्हंजे खजूर. खजुराच्या पेटीवरची चिठ्ठी हाय, आक्का."

मालकांनाही वाचता येत नव्हतं. ते गेले, सुटले. मी मात्र तीस वर्षं खजुराच्या पेटीला सलाम करत बसले. कुणाचे हात लागतील म्हणून कागद कधी कुणाला दाखवलाही नव्हता.

घरी येऊन सगळं सांगितलं. हसन ठसका लागेतोवर हसला. "आम्मा, तुझी नियत साफ हुती. तेवढं पुरं."

"मला पुरं पडलं न्हाय. तुझ्या पोरीला पडंल व्हय रं?"

"शहापूर लांब हाय. रोज कोण न्हेणार? आन लोक काय म्हणतील?"

निघताना कायदा सुनेच्या हातात दिला. "तू तरी ने गं." ती बिचारी नवऱ्याकडं बघत राहिली.

येताना मोटर कुठं बंद पडली नाही. घरी कोनाडा पुसून घेतला. आता तिथं काडेपेटी असते.

परवा हसनचं कार्ड आलं. 'तू दिलेला कायदा रेशमी फडक्यात गुंडाळून उंच फळीवर ठेवला आहे. नूरी रोज त्याला कपाळ लावते. तुला बरं वाटेल म्हणून लिहिलं.'

कार्ड मराठीत होतं, म्हणून मला वाचता आलं.