साध्या मातीची बरणी

आमच्या दाजींएवढा तापट माणूस घोड नदीच्या दोन्ही काठांना झाला नसेल, आणि गांडुळांशी एवढं मऊ बोलणाराही. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे यजमान. गाव शिरूर, नोकरी कुरकुंभच्या एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत. पिकावर मारायचं नवं औषध मातीत कालवून बरण्यांत भरायचं, त्यात गांडुळं सोडायची आणि दोन आठवड्यांनी किती जगली ते पाहायचं, हे त्यांचं काम. गांडुळांना ते ‘पाव्हणं’ म्हणत. काचेच्या कांडीनं हळूच स्पर्श करून विचारत, “काय पाव्हणं, बरं हाय का?” गांडूळ वळवळलं की चेहरा खुलायचा. तेवढ्यात कुणी दार आपटलं की तोच चेहरा फिरायचा. “बापाचं दार हाय व्हय रं? पाव्हणं बुजत्यात!” एका लग्नात पंगत सोडून, गांडुळं दिसतात का म्हणून मांडवाच्या खांबाच्या खड्ड्यात डोकावताना मी त्यांना पाहिलंय. चहाचा चोथा फेकायची तर अक्काला चोरीच होती.

परवा त्यांच्या दहाव्याला नदीच्या घाटावर एक पुढारी श्रद्धांजलीच्या माइकवर म्हणाला, “दाजींनी पाणी घालून घालून कंपनीची गांडुळं मारली आन् घरी बसले!” लोक हसले. माझं डोकं फिरलं. माइक हिसकावणार होतो. अक्कानं हात धरला. म्हणून लिहितोय.

गांडुळं पाण्यानं मेली नाहीत. ती माझी होती. राहू गावात मी तेव्हा नुकताच गांडूळखताचा धंदा काढला होता आणि दाजी माझ्याकडूनच गांडुळं नेत. खड्ड्याला मुंग्या लागल्या म्हणून मी कडेनं मुंग्यांची पावडर टाकली. कडेनंच तर टाकतोय, असं वाटलं. दाजींच्या बरण्यांत एक नेहमी साध्या मातीची असे, औषध न घातलेली. तिच्यातली गांडुळं जगली तरच बाकीच्यांचा निकाल खरा. त्या खेपेला तिच्यातलीही मेली.

मालकाला ते औषध बाजारात काढायची घाई होती आणि त्यानं गांडुळं मरतात म्हणून दाजी कधीचे आडवे येत होते. मालकाला आयतंच सापडलं. “तुमची साध्या मातीतबी मरत्यात. मग औषधाचा काय दोष? कुठनं आणली गांडुळं?” दाजी म्हणाले, “माझ्याकडनं पाणी जास्त झालं.” दाजी घरी बसले. औषध विकलं गेलं.

त्याच संध्याकाळी ते राहूला आले. खड्ड्याच्या कडेची पांढरी रेघ पाहिली, चपलेनं पुसली. मी शिव्यांची वाट पाहत उभा. “धंदा नवा हाय तुझा,” एवढंच म्हणाले. “गप ऱ्हा.” मी गप्प राहिलो. मालकाचा राग येतो, पुढाऱ्याचा येतो. पण सगळ्यात जास्त दाजींचा येतो. साऱ्या मुलखाला शिव्या घालणाऱ्या माणसानं मला एकही दिली नाही.

दहाव्याहून परतलो तो थेट खड्ड्याकडे गेलो. शेण बाजूला करून एका गांडुळाला काडीनं हळूच स्पर्श केला. म्हटलं, “काय पाव्हणं, बरं हाय का?” गांडूळ वळवळलं. मागं वाऱ्यानं शेडचं दार धाडकन आपटलं. ओरडायला कुणी नव्हतं.